मनीची दिंडी

“अगं, तिला आत घे.”

“अगं, तिला बाहेर जायचंय.”

“अगं, पुन्हा आत यायचं म्हणतेय बघ!”

ज्या घरात मांजर आहे त्या घरातल्या बाईला हे संवाद पाठ असतील. आमच्याकडे ही मनी. पांढऱ्यावर काळे ठिपके आणि स्वभावाने अगदी सरकारी कचेरीतल्या साहेबासारखी. दार बंद असलं की तिला पलीकडे जायचं असतं, आणि उघडलं की उंबऱ्यावर बसून विचार करायचा असतो. मी सकाळी अकरा ते तीन शाळेत, हे ऑफिसात, चिरंजीव सातवीत. म्हणजे दुपारभर दाराची चाकरी सासूबाईंकडे. मागचं दार उघडं टाकावं तर परसातून माकडं येतात, भटकी कुत्री येतात. शिवाय सासूबाईंना हल्ली कमी ऐकू येतं. एकट्या बाईमाणसानं दार उघडं टाकून बसायचं नाही, हा यांचा दंडक. तोही चुकीचा नाही.

गेल्या श्रावणातली गोष्ट. साताऱ्याचा पाऊस तुम्हांला माहीतच आहे. सकाळपासून झड लागलेली. मनीनं मागच्या दाराशी ओरडायला सुरुवात केली म्हणून सासूबाई उठल्या, कडी काढली, आणि पायरीवरचं पाणी न दिसल्यामुळे तिथंच घसरल्या. उजव्या हातावर पडल्या. मोबाइल आतल्या टेबलावर. शेजारच्या वहिनी वाळत घातलेले कपडे काढायला परसात आल्या तेव्हा त्यांना दिसल्या. मधली पाऊण तास त्या ओल्या पायरीवर एकट्या बसून होत्या. मनी त्यांच्या मांडीला चिकटून बसली होती म्हणे.

मनगटाचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर. त्या संध्याकाळी दवाखान्यातून आल्यावर हे म्हणाले, “पुरे झालं. येत्या रविवारी हिला गावी काकांकडे सोडून येतो. तिथं गोठा आहे, उंदीर आहेत, मजेत राहील.”

सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. नुसतं “न्या” म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. रात्री पाहिलं तर मनी नेहमीसारखी त्यांच्या पायाशी होती आणि त्यांचा डावा हात तिच्या पाठीवर होता. मामंजी गेल्यापासून दुपारच्या त्या रिकाम्या घरात त्यांच्याशी बोलणारं दुसरं आहे तरी कोण, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं. सकाळी चहा देताना यांना म्हटलं, “अहो, मला पंधरा दिवस द्या. दाराचं काहीतरी करते.”

मैत्रिणींनो, आज त्या ‘काहीतरी’ची कृती सांगणार आहे. जुन्या वाड्यांच्या मोठ्या दाराला दिंडी असते ना, तशीच ही मांजराची दिंडी. मोठं दार बंद राहतं आणि ज्याला जायचंय तो आपल्यापुरत्या दारातून जातो. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यालाही माणसापुरतं छोटं दार आहेच. आपण ते मांजरापुरतं करायचं, आणि त्याला एक झुलती झडप लावायची. इतकंच.

बाजारात अशा तयार झडपा मिळतात. पण पुष्कळशा पातळ दारांसाठी केलेल्या असतात. आमचं दार सव्वा इंच जाडीचं, सागवानी फळ्यांचं. तयार झडप बसेना. शिवाय घरी केलेली निम्म्याहून कमी खर्चात होते.

आधी पुठ्ठा, मग दार

कपडा बेतताना आपण आधी कागद कापतो. इथंही तसंच. दाराला एकदा भोक पडलं की ते परत लहान होत नाही, म्हणून सगळे प्रयोग पुठ्ठ्यावर करावेत.

मांजर उभं असताना त्याची खांद्याजवळची किंवा पोटाजवळची, जी जास्त असेल ती, रुंदी मोजावी आणि तीत इंच-दीड इंच मिळवावा. उंची मोजताना पाठीपासून पोटापर्यंतचं अंतर घ्यावं आणि त्यातही दीड-दोन इंच मिळवावेत. मांजर काही शिंप्याकडे उभं राहतं तसं उभं राहत नाही. ते खात असताना चिरंजीवांनी मागून पट्टी धरली आणि मी वरून पाहिलं. आमच्या मनीसाठी सहा इंच रुंद आणि सात इंच उंच असं माप आलं. साधारण सगळ्या घरगुती मांजरांना हे पुरतं. फार लठ्ठ बोका असेल किंवा मांजर गाभण राहणार असेल तर एकेक इंच वाढवावा.

मग टीव्हीच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा घेऊन त्यात या मापाचं भोक कापलं. भोकाची खालची कड जमिनीपासून सहा इंचांवर ठेवली, म्हणजे मांजराच्या पोटाच्या जरा खाली. भोक अगदी जमिनीलगत केलं तर पावसाचं पाणी आणि केर आत येतो. फार वर केलं तर मांजराला उडी मारावी लागते. पुठ्ठा स्वयंपाकघराच्या दारात आडवा लावला, पलीकडे तिची वाटी ठेवली. मनी दोन मिनिटं वास घेत बसली आणि पाठ न घासता आरामात पलीकडे गेली. माप बरोबर!

सासूबाई खुर्चीत बसून हे पाहत होत्या. पडल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. पण मी सुताराला बोलवायचं म्हटल्यावर चेहरा पुन्हा उतरला. “या दाराला भोक?” त्या म्हणाल्या. “ह्यांनी सुतारापाशी उभं राहून करवून घेतलंय हे दार. एक गाठ असलेली फळी परत पाठवली होती.”

यावर काय बोलणार? मी गप्प बसले. दोन दिवस पुठ्ठा तसाच पडून राहिला. मनी मात्र उगीचच त्यातून ये-जा करायची.

तिसऱ्या दिवशी चिरंजीव मोबाइलवर काहीतरी शोधून आजीला दाखवायला आले. इंग्लंडात एक्सेटर म्हणून गाव आहे. तिथल्या जुन्या कॅथीड्रलमध्ये मोठ्या घड्याळाखाली एक दार आहे आणि त्याला तळाशी मांजरासाठी भोक कापलेलं आहे. चारशे वर्षांपूर्वीचं. घड्याळामागे उंदीर फार होत, त्यांच्यासाठी मांजर. आजी चष्मा लावून बराच वेळ चित्र पाहत बसल्या. मग म्हणाल्या, “त्यात काय एवढं? आमच्या माहेरी वाईला धान्याच्या कोठीच्या दाराला होतंच की. आई रात्री त्याला पाटा लावून ठेवायची. पोत्याला उंदीर लागायचा नाही.” थोडं थांबून म्हणाल्या, “ते दार काही बिघडलं नाही. हेही बिघडायचं नाही. पण सूनबाई, कापलेला तुकडा टाकायचा नाही हं.”

तो तुकडा टाकला नाही, उलट तोच सगळ्यांत कामाला आला. ते पुढे सांगते.

साहित्य

जाड, मऊ, पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी. एसीच्या दुकानांच्या किंवा दवाखान्यांच्या दारात लोंबतात त्या पट्ट्या आठवा. त्या साधारण आठ इंच रुंद आणि दोन मिलिमीटर जाड असतात. हे पडदे बसवून देणाऱ्यांकडे कातरणं पडलेली असतात. मला फूटभर तुकडा तसाच मिळाला. तो नसेल तर मोटारीतल्या पायपुसण्याचं सपाट रबर चालेल. टायरची ट्यूब मात्र घेऊ नये, ती वळते आणि झडप वाकडी लोंबते.

एक लाकडी पट्टी, सात इंच लांब आणि एक इंच रुंद. पाऊण इंची स्क्रू आणि वॉशर प्रत्येकी तीन. पॉलिश पेपर. जुन्या फ्रिजच्या दाराच्या रबरात असते ती चुंबकाची पट्टी, दोन इंच. पत्र्याचा छोटा तुकडा. प्लायवुडचा आठ बाय नऊ इंचांचा तुकडा. दोन लाकडी खिट्या. ऑइलपेंट थोडासा.

कृती

भोक पाडायचं काम सुताराकडून करून घ्यावं, असं माझं प्रामाणिक मत आहे. गुण्या लावून चौकोन आखला, चार कोपऱ्यांना गिरमिटानं भोकं पाडली आणि मशिनच्या करवतीनं अर्ध्या तासात त्यांनी चौकोन काढून दिला. दाराला मागून आडव्या पट्ट्या असतात. भोक त्यांच्यावर येणार नाही असं पाहावं, नाहीतर दार खिळखिळं होतं. कापलेल्या कडा पॉलिश पेपरनं गुळगुळीत कराव्यात. खालची कड बाहेरच्या बाजूला किंचित उतरती करावी म्हणजे पाणी साचत नाही. मग उघड्या पडलेल्या लाकडाला सगळीकडून ऑइलपेंटचे दोन हात द्यावेत.

तुमचं दार फ्लशडोअर असेल आणि ठोकून पोकळ आवाज येत असेल, तर कापल्यावर आतली पोकळी दिसेल. तिथं चारही बाजूंनी लाकडी पट्टी बसवल्याशिवाय झडप लावू नये, कारण स्क्रू धरत नाहीत आणि आत झुरळं घर करतात. दार पत्र्याचं असेल तर कापलेली कड सुरीसारखी असते. बागेच्या जुन्या रबरी नळीला उभी चीर देऊन ती कडेवर चढवावी. छान गोट बसतो.

आता झडप. आणि इथंच मी फसले, तेव्हा नीट वाचा.

मला वाटलं, झडपेनं भोक नीट झाकलं पाहिजे. पडदा कसा खिडकीपेक्षा मोठा असतो! म्हणून आठ इंची पट्टी तशीच ठेवली, दोन्ही बाजूंना एकेक इंच जास्त, आणि दाराच्या बाहेरच्या अंगाला वरून स्क्रूनं बसवली. संध्याकाळी मनीनं डोक्यानं ढकललं आणि झोकात बाहेर गेली. आम्ही टाळ्या वाजवल्या. ती आत कशी आली हे कुणी पाहिलंच नाही, कारण नेमकी तेव्हाच यांनी दार उघडून सायकल आत घेतली होती.

दुसऱ्या दिवशी शाळेतून साडेतीनला आले तर मागचं दार सताड उघडं. सासूबाई प्लास्टरचा हात छातीशी धरून, डाव्या हातानं चौकट पकडून उंबऱ्यात उभ्या. बाहेर पायरी ओलीचिंब. “अगं, ती बाहेर जाते पण आत येत नाही,” त्या म्हणाल्या. “तासभर ओरडत होती. मला बघवेना.”

मी त्यांना हाताला धरून आत आणलं आणि खुर्चीत बसवलं. माझे पाय कापत होते. ज्या कारणासाठी एवढा खटाटोप केला तेच मी पुन्हा घडवून आणलं होतं. जरा शांत झाल्यावर दाराशी जमिनीवर बसले आणि बोटानं झडप ढकलून पाहिली. आतून ढकलली की ती बाहेर उघडते. बाहेरून ढकलली की भोकाच्या कडांवर जाऊन टेकते. बिचारी मनी ढकलणार कशी? मी एकतर्फी दार केलं होतं. वर्गात मुलींना कार्यानुभव शिकवणाऱ्या बाईंची ही अक्कल!

तेव्हा लक्षात ठेवा : झडप भोकापेक्षा लहान हवी, म्हणजे ती दोन्हीकडे झुलते. दोन्ही बाजूंना अष्टमांश इंच आणि खाली पाव इंच फट राहिली पाहिजे. सहा इंची भोकाला झडप पावणेसहा इंच रुंद. वर दाबून धरायला दीड इंच जास्तीचं प्लॅस्टिक लागतं, म्हणून सात इंची उंचीला झडपेची एकूण लांबी सव्वाआठ इंच. पट्टी लोखंडी फूटपट्टी धरून कटरनं कापावी. कापलेल्या कडा धारदार असतात, त्या पॉलिश पेपरनं घासाव्यात. खालचे दोन्ही कोपरे गोल करावेत.

झडपेचा वरचा दीड इंच भाग दाराच्या बाहेरच्या अंगाला भोकाच्या वर धरावा, त्यावर लाकडी पट्टी ठेवावी आणि वॉशर घालून तीन स्क्रू पिळावेत. भोकाची वरची कड बाहेरच्या बाजूनं घासून थोडी गोल केली की झडप आत झुलताना तिथं मोडत नाही.

वाऱ्यानं झडप फडफडते. त्यासाठी तिच्या खालच्या कडेला मधोमध चुंबकाची पट्टी चिकटवावी आणि समोर भोकाच्या खालच्या कडेवर पत्र्याचा तुकडा बसवावा. फ्रिजच्या रबरातलं चुंबक मुद्दाम सांगितलं, कारण त्याची ओढ हलकी असते. कपाटाचं चुंबक लावलं तर मांजराला दार लागल्यासारखंच वाटतं. लहान बोटानं ढकलल्यावर सुटलं पाहिजे, हे माप.

बाहेरची बाजूही पाहा. आमच्याकडे बाहेर पायरी सात इंच खाली आहे, म्हणजे बाहेरून भोक तेरा इंच उंच झालं. तिथं एक सपाट दगड टेकवून ठेवला.

रात्रीचं बूच

झडप मांजराला अडवत नाही तशी ती दुसऱ्यांनाही अडवत नाही. चौथ्याच रात्री गल्लीतला बोका आत शिरला आणि ओट्यावरच्या भांड्यांचा खणखणाट झाला. बोका परवडला, पण घूस आणि साप यांचं काय? मण्यारीसारखे विषारी साप रात्रीच हिंडतात आणि घरात शिरतात. म्हणून रात्री भोक बंद व्हायलाच हवं.

इथं तो कापलेला सागवानी तुकडा आला. सुताराकडून तो रंधून पाऊण इंच जाडीचा करून घेतला, म्हणजे झडपेला टेकत नाही. मागे आठ बाय नऊचं प्लायवुड मधोमध स्क्रूनं जोडलं. आता तो आतून भोकात बाटलीच्या बुचासारखा बसतो, आणि प्लायवुडची कड चारही बाजूंनी दारावर टेकते. दोन लाकडी खिट्या फिरवल्या की घट्ट. मामंजींची फळी रोज रात्री आपल्या जागी परत जाते. हे बूच लावायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं आहे. साडेनऊला मनीचं शेवटचं जेवण, त्या वासानं ती हटकून आत येते, आणि मग बूच. रात्रीसाठी न्हाणीघरात वाळूची पाटी ठेवली आहे. गावाला जातानाही बूच लावून जावं.

आणखी एक. दाराची खालची खिटी किंवा कडी भोकाजवळ असेल तर चोराचा हात आत येऊन ती सहज काढता येते. ती काढून वर, हात पोहोचणार नाही अशी बसवावी.

सवय कशी लावावी

मांजराला उचलून झडपेतून कोंबू नये. एकदा घाबरलं की महिनाभर तिकडे फिरकत नाही. पहिले तीन-चार दिवस झडप दोरीनं पूर्ण वर बांधून ठेवावी, नुसतं भोक. मग अर्धी खाली. मग पूर्ण खाली, पण चुंबकाशिवाय. सगळ्यांत शेवटी चुंबक. मी हे एका दिवसात उरकायला गेले होते, तेही चुकलंच. पलीकडे खाऊ ठेवावा. दूध नको, पुष्कळ मोठ्या मांजरांना ते पचत नाही. शेजारच्या वहिनींनी चिमूटभर सुकट दिली. आमचं घर शाकाहारी. सासूबाईंनी परवानगी दिली, पण अटीवर : सुकट उंबऱ्याच्या बाहेरच राहिली पाहिजे. त्यामुळे मनी बाहेर जायला दोन दिवसांत शिकली आणि आत यायला सहा दिवस लागले!

कुत्र्यासाठी

कुत्रं पाळणाऱ्या मैत्रिणींसाठी कृती तीच, मापं वेगळी. कुत्रा उभा असताना छातीची रुंदी घेऊन तीत दोन इंच मिळवावेत. भोकाची वरची कड त्याच्या खांद्यापेक्षा इंच-दोन इंच वर आणि खालची कड पोटापेक्षा जरा खाली असावी. मध्यम बांध्याच्या गावठी कुत्र्याला साधारण दहा इंच रुंद आणि पंधरा इंच उंच भोक लागतं. पिल्लू असेल तर वर्षाचं होईपर्यंत थांबावं, नाहीतर दर सहा महिन्यांनी दार कापावं लागेल. म्हाताऱ्या कुत्र्याला पाय उचलायला त्रास होतो, त्याच्यासाठी खालची कड आणखी खाली घ्यावी. एवढ्या रुंदीला दोन पट्ट्या शेजारी-शेजारी, एकमेकींवर इंचभर चढवून लावाव्यात.

पण एक लक्षात ठेवा. ज्या भोकातून कुत्रा जातो त्यातून रांगतं मूलही जातं. घरात लहान मूल असेल, बाहेर विहीर, हौद किंवा रस्ता असेल, तर हा बेत दोन-तीन वर्षं पुढे ढकलावा.

फ्लॅटमध्ये आणि भाड्याच्या घरात

मालकाच्या दाराला हात लावायचा नाही. तळमजल्यावर सरकती खिडकी असेल तर तिच्या खाचेत बसेल अशी दहा इंच रुंद प्लायवुडची उभी फळी घ्यावी, भोक तिच्यात करावं आणि खिडकी फळीपर्यंत सरकवून घ्यावी. घर सोडताना फळी काढून न्यावी. वरच्या मजल्यावर मात्र हा उद्योग मुळीच करू नये. मांजर पडलं तर पायावर पडतं हे खरं, पण हाडं मोडायची थांबत नाहीत.

लस विसरू नका

ये-जा मोकळी झाली की बाहेरच्या जनावरांशी गाठी पडणार, भांडणं होणार. रेबीज कुत्र्यामुळे होतो तसा मांजरामुळेही होतो. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की लस टोचून घ्यावी आणि पुढे जनावरांचे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी. नसबंदीही करून घ्यावी. ओळखीच्या किंवा अनोळखी, कोणत्याही मांजरानं-कुत्र्यानं चावलं किंवा ओरबाडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद, चुना, तिखट काही लावू नये.

आमचा सगळा खर्च सुताराची मजुरी धरून आठशेच्या आत झाला. त्यात एक जास्तीचा खर्च आहे तोही सांगते. सुतार आलेच होते, तर दाराच्या चौकटीला आतून आणि बाहेरून हाताला धरायला एकेक दांडी बसवून घेतली आणि पायरीवर काथ्याचं पायपुसणं ठेवलं. मांजरासाठी दार झालं, मग माणसासाठी एवढं नको का?

सासूबाईंचं प्लास्टर निघालं. हात अजून पूर्वीसारखा वळत नाही, कणीक मळताना दुखतो. दुपारी मी येते तेव्हा त्या खुर्चीत पेपर वाचत असतात आणि मागच्या दाराशी टप्कन आवाज होतो. त्यांना तो ऐकू येतो की नाही कोण जाणे, पण मान न वळवता म्हणतात, “आल्या बाई.” गावाला सोडायचा विषय यांनी पुन्हा काढलेला नाही. उलट परवा मीच ऐकलं, फोनवर कुणाला तरी झडपेचं माप सांगत होते. तेही चुकीचं! म्हणून म्हटलं, आपणच नीट लिहून टाकावं.

तुमच्याकडे मांजर-कुत्र्यासाठी कुणी आणखी सोपी युक्ती केली असेल तर जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात, पावसाळ्यात फुगून अडणारी दारं सुताराशिवाय कशी ठीक करायची ते पाहू.